सासूबाईंचं बरोबर चाललंय

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरात मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एक कारवानी जातीची कुत्री घरी आणली. वय चारेक वर्षं. अक्कलकोट रोडला कुणीतरी सोडून दिली होती. ओळखीच्या एका ताईंनी दोन महिने सांभाळली, नसबंदी करून घेतली, रेबीजची लस दिली. 'बुजरी आहे' असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर दिवाणाखाली असते. आम्ही सगळे झोपलो की खाते. नवरा कामावरून आला की थरथर कापते. तो बिचारा रोज तिच्यासाठी काहीतरी घेऊन येतो, दिवाणापुढं पालथा पडून हाका मारतो, तरी तेच. ताईंकडे तिला 'राणी' म्हणायचे, आमची मुलगी 'बिस्किट' म्हणते. शेजारी म्हणतात दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप हातातून खाईल. कुणी म्हणतं आधीच्या मालकानं मारलं असणार. कुणी म्हणतं हाडं दिसायलेत की हो, खायला घालत नाही का? गेल्या आठवड्यात तिनं फाटकाशी पट्ट्यातून मान काढून घेतली. नशिबानं फाटक लावलेलं होतं. सगळ्यात वाईट याचं वाटतं, की सासूबाईंना कुत्रं नकोच होतं, त्या तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि दुपारी त्या ज्वारी निवडत बसल्या की ही दिवाणाखालून निघून त्यांच्याच पाठीमागं जाऊन बसते. आमचं काय चुकतंय? सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा तोंडावर आलाय, दारूकामाच्या दिवशी काय करायचं? आणि नाहीच जमलं तर परत द्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

ताई, तुमच्या घरात त्या कुत्रीशी नीट कसं वागायचं हे एकाच माणसाला कळलंय, आणि त्या सासूबाई आहेत. त्यांना ते कळलंय हे त्यांनाही ठाऊक नाही, ही गोष्ट वेगळी. त्या तिच्याकडे बघत नाहीत. हाक मारत नाहीत. हात पुढं करत नाहीत. रोज त्याच वेळी, त्याच जागी, पाठ फिरवून सुपातली ज्वारी निवडत बसतात. घाबरलेल्या कुत्र्याला माणसाकडून नेमकं हेच हवं असतं. टक लावून बघणं ही कुत्र्यांच्या जगात धमकी असते. अंगावर वाकणं, डोक्यावरून हात आणणं हीसुद्धा. आपण हे सगळं लाडानं करतो, पण लाड आपल्या मनात असतो, तिला दिसतो तो फक्त वरून येणारा हात.

म्हणजे तुम्ही तिघं काही वाईट वागताय असं नाही. तुम्ही फार जास्त वागताय. तीन आठवडे तिच्यामागं तीन माणसांची माया लागली आहे, आणि तिला दिवाणाखालची एकच जागा अशी मिळाली आहे की जिथं ती माया पोचत नाही.

आधी यजमानांचं बघू, कारण सगळ्यात जास्त कष्ट ते घेतायत आणि सगळ्यात कमी फळ त्यांना मिळतंय. दिवाणापुढं पालथं पडून हाका मारणं आजपासून बंद. तिच्या बाजूनं विचार करा: बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर एक मोठा माणूस तोंड लावून बसलाय. त्यांनी घरात येताना हेल्मेट आणि बूट बाहेरच काढावेत, कामाचा शर्ट बदलावा, आणि दिवाणापासून लांब, तिच्याकडे कूस करून खाली बसावं. हातात मोबाईल घ्यायला हरकत नाही, उलट बराच. माणूस मोबाईलमध्ये बघतो तेव्हा कुत्र्याकडे बघत नाही. खिशात उकडलेल्या, बिनहाडाच्या चिकनचे किंवा कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवावेत आणि अधूनमधून एक तुकडा तिच्या दिशेनं सरकवावा. सुरुवातीला तो दिवाणाच्या कडेशी पडू दे. तिनं त्यांच्यासमोर खाल्लाच नाही तर ते उठून गेल्यावर खाईल, तेही चालतं.

पुढची पायरी बहुतेक जण उलटी करतात. कुत्रं जवळ यावं म्हणून तुकडे आपल्याकडे, आपल्याकडे टाकत आणतात. कुत्रं भुकेपोटी जवळ येतं, तुकडा तोंडात घेतं, आणि मग एकदम त्याच्या लक्षात येतं की आपण माणसाच्या फार जवळ आलोय. ते दचकून पळतं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून लांब राहतं. म्हणून ती एखादं पाऊल बाहेर आली की पुढचा तुकडा तिच्या मागं टाकायचा. ती मागं जाईल, खाईल, वळून बघेल, आणि आपल्या पायानं परत येईल. प्रत्येक वेळी मागं जायची मोकळीक आहे हे कळलं की पुढं यायची भीती कमी होते. हा खेळ पाच मिनिटांच्या वर नको, आणि ती रंगात असतानाच थांबवायचा.

या पाच मिनिटांत तिच्या तोंडाकडे बघायला शिका, अर्थात तिरक्या नजरेनं. समोर खाणं नसताना जीभ झटकन नाकावरून फिरते का? झोप आलेली नसताना जांभई येते का? मान एकीकडे आणि डोळे तुमच्याकडे, असा डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो का? पुढचा एक पाय उचललेला राहतो का? यातलं काहीही दिसलं की ती सांगतेय, 'पुरे.' तेव्हा अंतर वाढवायचं. पुष्कळ लोकांना कुत्रं गुरगुरल्यावरच कळतं, आणि मग गुरगुरल्याबद्दल ते त्याला रागावतात. रागावल्यानं भीती जात नाही, फक्त गुरगुरणं जातं. पुढच्या खेपेला ते कुत्रं न सांगता चावतं, आणि लोक म्हणतात की अचानक चावलं हो.

हात लावायची वेळ येईल ती तिनं स्वतः अंग टेकवल्यावर. तेव्हाही डोक्यावरून नाही, छातीला किंवा हनुवटीखाली, मनात तीन आकडे मोजेपर्यंत खाजवायचं आणि हात मागं घ्यायचा. तिनं नाकानं हात ढोसला तर अजून एकदा. ती तशीच उभी राहिली तर तेवढ्यावर थांबायचं.

'मारलं असणार' याबद्दल. असेलही, पण भित्र्या कुत्र्यामागं मार असतोच असं नाही. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं. त्या काळात जे समोर आलं नाही, ते पुढं संशयास्पद. ही कुत्री रानातल्या वस्तीवर खुंट्याला बांधून वाढलेली असेल तर तिनं कुकरची शिट्टी, मिक्सर, गरगरणारा पंखा, संडासचा फ्लश, आरसा, यातलं काही कधी ऐकलं-पाहिलं नसेल. गुळगुळीत फरशीवर तर ती उभीही राहिली नसेल. माझा अंदाज आहे की दिवाणाखालून न निघण्याचं अर्धं कारण तुमची टाइल्सची फरशी असावी. दिवाणापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या, पायपुसणी, काय असेल ते अंथरून बघा. सोलापूरच्या घरात जुनी चादर सापडत नाही असं होत नाही, पण नुसती चादर फरशीवर सरकते, खाली रबरी जाळी टाका. यजमानांच्या बाबतीतही तेच. पुरुषाची उंची, जाड आवाज, चालण्याचा दणका याची सवय नसली तरी कुत्री कापते. मारणारा कोण होता याचा शोध घरात बसून लागणार नाही, आणि लागला तरी दिनक्रम हाच ठेवावा लागेल.

त्यात ही कारवानी. तुमचा विजापूर रोड धरून निघालात तर विजापूरच्या पुढं बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ लागतं. त्या गावावरून हिलाच मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातलं एक मुधोळचं होतं, हे शेजाऱ्यांना जरूर सांगा. ही नजरेनं शिकार हेरून सुसाट पळणारी जात. अंग सडपातळ, कातडी पातळ, चरबी जवळजवळ नाहीच. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे हिचं तब्येतीचं लक्षण आहे. कण्याची आणि कमरेची हाडं टोकदार वर आली असतील तर मात्र वजन कमी आहे असं समजा. परक्या माणसाला अंगचटीला येऊ न देणं हाही या जातीचा स्वभाव. लॅब्राडॉरसारखी ती आल्यागेल्याच्या पाया पडणार नाही. वर्षभरानंतरही पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाईल, आणि ते ठीक आहे. ही कुत्री सशाच्या शिकारीला वापरतात. त्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, तरी चोरून शिकार चालते आणि पळण्यात कमी पडलेलं कुत्रं रस्त्याला सोडून दिलं जातं. तुमची कुठून आली हे मला माहीत नाही, पण चार वर्षांची कारवानी रस्त्यावर सापडते तेव्हा हा विचार मनात येतोच.

उपाशी ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. भुकेनं खाल्लं तर ते भुकेनं खाल्लं, विश्वासानं नाही. शिवाय अन्न म्हटलं की ताण, अशी गाठ बसली की ती सोडवायला महिने जातात. वाटी रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, दिवाणाजवळ ठेवा आणि निघून जा. रात्री खाते ना? खाऊ दे. वीस मिनिटांत वाटी उचलायची वगैरे शिस्त या कुत्रीला आत्ता लागू नाही.

आता पट्टा. पत्रातल्या सगळ्या गोष्टींत मला खरी काळजी याची वाटते, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. कारवानीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं. साधा बकलचा पट्टा कितीही घट्ट वाटला तरी ती मागं सरकली की डोक्यावरून निघतो. आणि एकदा सुटली की जुळे सोलापुरातल्या कुणाच्याही मोटारसायकलीला ती सापडणार नाही. पळताना ती रस्ता बघणार नाही, गाडी बघणार नाही. तुमच्या घराला ती अजून घर मानत नाही, त्यामुळं परत यायची खात्री नाही. या जातीसाठी मार्टिंगेल नावाचा रुंद पट्टा मिळतो, ओढ बसली की ठरावीक मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही पण डोक्यावरून निघतही नाही. त्याच्या जोडीला पोटामागूनही एक पट्टा जाणारी हार्नेस, आणि दोन्हीला दोन वेगळ्या साखळ्या किंवा दोऱ्या, एक हातात आणि एक कमरेला. गळ्यात तुमचा मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला, आजच. घराचं दार आणि फाटक ही दोन्ही एका वेळी उघडी राहणार नाहीत असा नियम करा आणि तो दूधवाला, कामवाल्या मावशी, सिलिंडरवाला यांनाही सांगा. फाटकाच्या खालच्या फटीकडेही एकदा बघा, ही कुत्री अंग चपटं करून कुठूनही निघते.

एवढं करूनही सुटलीच, तर मागं धावू नका आणि नावानं ओरडू नका. मागं धावणारा माणूस तिच्या लेखी शिकारी. तिला शेवटचं जिथं पाहिलं तिथं वासाचं खाणं आणि तिच्या अंथरुणाची चादर ठेवा, आसपासच्या टपरीवाल्यांना फोटो दाखवा, 'पकडू नका, फक्त फोन करा' असं सांगा. दिसली तर तिच्याकडे पाठ करून खाली बसा. आणि ज्या ताईंकडे ती दोन महिने होती त्यांना लगेच बोलावून घ्या, त्यांचा वास तिला तुमच्याहून ओळखीचा आहे.

सध्या तिला रस्त्यावर फिरायला नेऊच नका. फिरायला नेलं नाही तर कुत्रं बिघडतं असं लोक म्हणतील. बिघडत नाही. अंगणात पहाटे आणि रात्री नऊनंतर, दोरी लावून, तिला हुंगू दे तेवढं हुंगू दे. हॉलमध्ये तिची शी-शू झाली असेल तर साबणपाण्यानं पुसून वर पांढरा व्हिनेगर पाण्यात घालून पुसा, आणि तिला काही बोलू नका. बोललात तर तिला एवढंच कळेल की माणसासमोर मुतायचं नाही, आणि मग दोरी लावून बाहेर नेल्यावर ती तुमच्यासमोर करणारच नाही.

मुलीला बसवून नीट सांगा. दिवाणाखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, कुत्री झोपलेली किंवा खात असताना जायचं नाही, मिठी मारायची नाही. ती शहाणी असणार, पण नऊ वर्षांची आहे, म्हणून ती आणि कुत्री दोघीच एका खोलीत नकोत. काम द्यायचं तर पुस्तक मोठ्यानं वाचायचं द्या, दिवाणापासून लांब बसून, हळू आवाजात. कुणाला ओरखडा किंवा दात लागलाच तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि सिव्हिलला जाऊन डॉक्टरांना दाखवायचं, कुत्रीची लस झालेली असली तरी. नावाचं म्हणाल तर 'राणी' ठेवा. सारखं काहीतरी नवं ऐकून तिला कुठलंच नाव आपलं वाटत नाही. 'बिस्किट' पुढच्या कुत्र्यासाठी राखून ठेवायला मुलगी तयार होईल.

गड्ड्याला अजून थोडा वेळ आहे, आणि तयारी आत्ताच करायची आहे. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम जुळे सोलापुरापासून लांब आहे, पण माणसाला जिथं नुसती धडधड ऐकू येते तिथं कुत्र्याला बरंच काही ऐकू येतं. शिवाय गल्लीतले फटाके आहेतच. घरातली सगळ्यात आतली, रस्त्यापासून लांबची खोली निवडा. तिथं आत्तापासून तिचं दुसरं अंथरूण घाला आणि रोजचं खाणं हळूहळू तिकडं सरकवा, म्हणजे त्या दिवशी ओढत न्यावं लागणार नाही. खिडकीवर जाड चादरी, पंखा चालू, टीव्ही किंवा रेडिओ मध्यम आवाजात. उजेड आहे तोवर अंगणातला कार्यक्रम आणि खाणं उरकून घ्या, नंतर दार उघडायचं नाही. घरातलं एक माणूस तिच्यासोबत थांबू दे, बाकीच्यांनी खुशाल गड्ड्याला जा. ती येऊन चिकटली तर जवळ घ्या. जवळ घेतल्यानं भीतीला उत्तेजन मिळतं हा गैरसमज आहे.

आणि या आठवड्यातच प्राण्यांच्या डॉक्टरांना गाठून भीती कमी करणाऱ्या औषधाचं विचारा. असं औषध असतं, पण त्याचा डोस आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघावा लागतो, म्हणून ऐनवेळी धावाधाव नको. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हे भीती कमी करतं की नुसतं अंग लुळं पाडतं? दुसऱ्या प्रकारात कुत्रं हलत नाही, पण आवाज सगळे ऐकत असतं. घरातली माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार अजिबात नको. तापाला पॅरासिटामॉल, दुखण्याला आयब्युप्रोफेन, हेही कुत्र्याला विष आहे.

डॉक्टरांकडे जाताच आहात तर गोचिडांमुळं होणाऱ्या तापाची रक्ततपासणी करून घ्या. रस्त्यावर राहिलेल्या कुत्र्यांत तो फार आढळतो, आणि आजारी कुत्रंही कोपऱ्यात लपून बसतं. सगळाच बुजरेपणा मनाचा असतो असं नाही. जंताचं औषध आणि रेबीजखेरीज बाकीच्या लसी राहिल्या असतील तर त्याही. खाण्यात ज्वारीची भाकरी, भात, अंडं, चिकन चालेल; कांदा, लसूण नाही, म्हणजे शेंगाचटणीचं बोटही नाही, आणि मटणाच्या रश्श्यातली शिजलेली हाडं कुणी कितीही प्रेमानं टाकली तरी नाही. डिसेंबरची रात्र या पातळ कातडीला बोचते, अंथरूण जाड घाला. उन्हाळ्याचं मार्चमध्ये बघू, आपल्याकडे तेव्हा दुपारी चाळिशी ओलांडली की माणसालाच बाहेर पडवत नाही.

राहिला परत देण्याचा प्रश्न. कुत्री सांभाळणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत घरचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. तुमच्या राणीला मी याच्या दुप्पट वेळ देईन. पण तीन आठवड्यांत ती दुपारी, सगळे जागे असताना, आपणहून बाहेर येऊन माणसाच्या पाठीशी बसते, याला मी 'जमत नाही' म्हणणार नाही. परत द्यायची वेळ दोनच कारणांनी येऊ शकते. एक, ती मुलीवर दात दाखवू लागली आणि दोघींना वेगळं ठेवणं तुम्हाला शक्य नसेल. दोन, तीन-चार महिन्यांनीही ती खाणं सोडून बसली, वजन उतरलं, आणि डॉक्टरांना कारण सापडलं नाही. तेव्हाही ती त्या ताईंकडेच जावी, कुणा तिसऱ्याच्या शेतावर नको. 'शेतावर मोकळी राहील' हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते, कारण मोकळी म्हणजे बहुतेकदा पुन्हा खुंट्याला.

सासूबाईंना काही सांगू नका. त्यांचं कौतुक केलं तर त्या उद्यापासून जागा बदलून बसतील. देवघराकडं ती जाणार नाही एवढी व्यवस्था मात्र करा, लहान मुलांसाठी लावतात तसं छोटं फाटक दाराला लावलं की झालं, म्हणजे त्यांचाही जीव शांत राहील.

आणि मार्टिंगेलसाठी मानेचं माप लागेल. टेप घेऊन तिच्यामागं लागू नका. त्या ताईंनी नसबंदीच्या वेळी तिला हाताळलं आहे, त्यांना फोन करून जुन्या पट्ट्याचं माप विचारा, आणि तिला हातात धरून ठेवायची पद्धतही विचारून घ्या.